बाजूला ठेवलेला दगड

"दगड मागच्या काचेला टेकवायचे नाहीत," बारक्या म्हणाला.

"मग काय अधांतरी लटकवायचे?" नानांनी विचारलं.

सकाळपासून बाप-लेकात एवढंच बोलणं झालं होतं, पण ताईला तेवढ्यानेच धाकधूक सुरू झाली. हातातला ओला टॉवेल तिने उगाचच पुन्हा पिळला. बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सोफा भिंतीशी उभा केलेला, गालिचा गुंडाळून गॅलरीत, आणि जमिनीवर खाऱ्या पाण्याने भरलेले प्लास्टिकचे टब. टबांतून पंपांची गुरगुर चालली होती. एकात मासे, बाकीच्यांत दगड. मधोमध लोखंडी स्टँडवर नवी कोरी काचेची टाकी, अजून रिकामी. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घराला समुद्राचा वास येत होता.

बारक्याने बोटीवरचं प्रशिक्षण अर्धवट सोडून मत्स्यालयाचं दुकान काढलं, तेव्हा सगळी नोकरी जहाजाच्या इंजिनरूममध्ये केलेले नाना म्हणाले होते, "बोट सोडली आणि बादली धरली." त्या दिवसापासून त्यांनी मुलाच्या दुकानाची पायरी चढली नाही. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांना घरात समुद्र हवासा झाला. टाकी, दगड, मासे, सगळं त्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानातून आणलं, तेही बारक्याच्या दुकानावरून जावं लागू नये म्हणून वळसा घालून. आता जुन्या टाकीचा सांधा पाझरायला लागला होता आणि त्या दुसऱ्या दुकानदाराने कधीच गाशा गुंडाळला होता. ताईने नानांना न विचारता भावाला फोन केला. आज सकाळी तो हत्यारांची पेटी घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा नाना फक्त बाजूला सरकले. ये म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत.

"मागे हात जाईल एवढी जागा सोडावी लागते," बारक्या टाकीत वाकून म्हणाला. "पाणी फिरलं पाहिजे."

"पाणी फिरवायला पंप आहेत."

बारक्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. हे दगड म्हणजे नुसते दगड नव्हेत. त्यांच्या भोकाभोकांत डोळ्यांना न दिसणारा जीव असतो, तोच टाकीतली घाण खाऊन पाणी राखतो. दगड मागे भिंतीसारखे चिणले की पाणी कोंडतं आणि आतला जीव मरतो. पण या घरात कारण सांगणं म्हणजे उलट उत्तर देणं होतं. त्याने पायाचा दगड उचलला, तळाच्या काचेवर सपाट बाजूने बसवला आणि हलवून पाहिला. मग दुसरा. मधे फट ठेवून तिसरा. दोन लहानशी बेटं आणि त्यांच्यावर एक कमान, असं त्याच्या मनात होतं.

नाना मागे खुर्चीत बसून बघत होते. हृदयाच्या ऑपरेशननंतर त्यांना ओझं उचलायला बंदी होती, आणि बंदीपेक्षा ती पाळावी लागते याचा राग जास्त होता.

"म्हैस कुठे बसणार?" त्यांनी विचारलं.

म्हैस म्हणजे त्यांचा पहिला दगड. काळसर, रुंद, पाठीला बाक असलेला. त्याच्या पाठीवर बटणांसारखी हिरवी-तपकिरी प्रवाळं दाटीने उगवली होती आणि मधूनमधून काचेसारख्या पारदर्शक शेंड्यांचं कसलंतरी तण माजलं होतं. बारक्याने सकाळीच तो दगड वेगळा काढून दाराजवळच्या बादलीत ठेवला होता.

"ती टाकीत जाणार नाही," बारक्या म्हणाला.

"का?"

"राहू दे बाजूला. मी जाताना घेऊन जाईन."

"माझा दगड तू घेऊन जाणार?"

"नाना," ताई मधे पडली, "त्याचं काम त्याला करू द्या ना."

"करतोय की. मी काय हात धरलाय?" नाना उठले. "घर माझं, टाकी माझी, आणि दगड कुठला ठेवायचा ते हा ठरवणार."

बारक्याने मान वर केली नाही. दगड जोडायच्या पुट्टीचा गोळा तो दोन्ही हातांनी मळत राहिला. ताईला वाटलं, आता काहीतरी बोलेल. नाना आत गेले. जाताना त्यांनी पायानेच बादली पुढे ढकलली, हे तिने पाहिलं. म्हातारा रुसलाय, रुसू दे, असं तिने मनाशी म्हटलं आणि भावाला ओला कागद द्यायला वळली.

•

जावई स्वयंपाकघरात रिकाम्या बादल्या विसळत होते. त्यांची बेकरी होती. पहाटेपासून भट्टीसमोर उभं राहणाऱ्या माणसाला रविवारी घरात बसून राहणं जमत नाही, म्हणून ते इथे राबायला आले होते. या घरातल्या भांडणांत त्यांचं धोरण एकच होतं: सासऱ्यांना हो म्हणायचं, मेव्हण्याला हो म्हणायचं, आणि बायकोला दोन्ही वेळा हो म्हटलेलं कळू द्यायचं नाही.

नाना बादली सरकवत आत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"जावईबापू, मोठं पातेलं गॅसवर चढवा. पाणी उकळू दे चांगलं."

"चहा एवढा?"

"चहा नाही. ही धुवायची आहे." नानांनी बादलीकडे बोट केलं. "त्याला ही घाण दिसते म्हणून नको आहे. घाण काढली की बोलायला तोंड राहणार नाही. जहाजाच्या नळ्यांत शिंपले धरायचे, वाफ सोडली की सोलून निघायचे."

"बारक्याला एकदा विचारू या का?"

"माझ्या घरात पाणी उकळायला मी त्याला विचारू?"

जावई हसले आणि पातेलं चढवलं. नेहमीप्रमाणे त्यांनी धूर काढायच्या पंख्याचं बटण दाबलं, ते नानांनी बंद केलं. "आवाज होतो. येईल तो बघायला."

पाणी उकळलं. जावयांनी म्हैस सिंकमध्ये उभी केली आणि तिच्यावर पातेलं रिकामं केलं. फसफसून वाफ उठली. शेवाळ, मीठ आणि शिजलेल्या शिंपल्यांचा मिळून उग्र वास पसरला. बटणं आकसून पांढरी पडली. नाना शेजारी वाकून बघत होते.

"मागच्या अंगाला अजून आहे. ब्रश घ्या."

जावयांनी ब्रश घेतला. नाना थोडा वेळ थांबले, घसा खाकरला आणि बाहेर गेले. जावयांनी दुसरं पातेलं चढवलं. भट्टीपुढे आयुष्य गेलेल्या माणसाला वाफेची काय भीती? घासता घासता त्यांच्या जिभेवर लोखंडी चमचा चोखत असल्यासारखी चव आली. त्यांनी खळखळून चूळ भरली. चव गेली नाही. मग खोकला आला, आणि आला तो थांबेना.

•

कमानीचा वरचा दगड बारक्याने दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. खालची पुट्टी अजून ओली होती, ती आवळेपर्यंत हलायचं नव्हतं. नाना पुन्हा खुर्चीत येऊन बसले होते आणि रुमालाने तोंड पुसत होते. आतून खोकल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, मग सलग.

"भावोजींना काय झालं?" बारक्याने विचारलं.

"ठसका लागला असेल," ताई म्हणाली.

तेवढ्यात त्याला वास आला. स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीतून येणारा, गरम, खारा. त्याने मान वळवून दाराजवळच्या बादलीकडे पाहिलं. तिथे फक्त ओला गोल डाग होता.

त्याने हातातला दगड सोडला. कमान घसरली, दगडावर दगड आदळले आणि टाकीच्या तळाला काहीतरी कडाडलं.

"अरे काच!" नाना ओरडले.

बारक्या तोवर स्वयंपाकघराच्या दाराशी पोचला होता. त्याने छातीभर श्वास घेतला, कोंडला आणि दार ढकललं. आत ढगासारखी वाफ होती. जावई सिंकची कड धरून उभे होते, चेहरा राखेसारखा. पातेलं अजून उकळत होतं. त्याने गॅस बंद केला, जावयांना काखेत धरलं आणि ओढतच बाहेर आणलं. पायाने दार लावलं.

"सगळे बाहेर! जिन्यात! काही घेऊ नका. आई कुठे आहे?"

आई मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होती. ती बेडरूममधून धावत आली. ताईने नवऱ्याचा दुसरा हात खांद्यावर घेतला. नाना मात्र टबांमध्ये उभे होते.

"अरे, पंप चालू आहेत, मासे…"

"नाना, बाहेर व्हा!"

जन्मात पहिल्यांदा तो बापावर ओरडला होता. नानांनी त्याच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता चपला पायात सरकवल्या.

•

गाडी ताई चालवत होती. मागच्या सीटवर तिचा नवरा आई आणि बारक्याच्या मधे कोंबून बसवला होता आणि थंडी वाजल्यासारखा थरथर कापत होता. खिडक्या उघड्या होत्या. नाना पुढे, तिच्या शेजारी.

"काय होतं त्या दगडावर?" तिने आरशात भावाकडे बघत विचारलं.

"ती बटणं. त्यांच्यात विष असतं. पाण्यात असली तर काही करत नाहीत, फक्त जखमेच्या हाताने धरायची नाहीत. उकळली की विष वाफेबरोबर वर येतं."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"सकाळपासून माहीत होतं?"

"ताई, मी म्हणालो होतो ती बाजूला राहू दे…"

"बाजूला राहू दे म्हणालास! विषारी आहे म्हणालास? हात लावू नका म्हणालास? मूग गिळून बसलास आणि आता सांगतोस!" सिग्नल लाल होता. तिने तो तोडला. "माणूस गेला असता तर काय, बाजूला ठेवला असतास?"

बारक्याला वाटलं, ती बरोबरच बोलते आहे. दुकानात रोज कोणी ना कोणी असला दगड घेऊन येई आणि तो प्रत्येकाला बसवून सगळं समजावून सांगे. लहान पोरांनासुद्धा. फक्त आज, बापासमोर, त्याची जीभ उचलली नव्हती.

"त्याला कशाला… माझीच अक्कल," जावई खोकल्याच्या दोन उबळींमध्ये म्हणाले. "मीच… उकळलं. म्हटलं, स्वच्छ करू."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "कशाला नसते उद्योग करता हो तुम्ही?"

नाना खिडकीबाहेर बघत राहिले.

•

दवाखान्यात जावयांना लगेच आत घेतलं. आई बाहेरच्या बाकावर बसली. तिच्या हातात अजून कपड्यांचे दोन चिमटे होते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, भराभर बोलणाऱ्या. बारक्याने त्यांना प्रवाळांचं नाव सांगितलं, विषाचं नाव सांगितलं, वाफ कितपत होती ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फोनवर कुणाशी तरी बोलल्या आणि परत आल्या.

"यावर उतारा असा नाही. फुप्फुसांना सूज आहे, ती उतरेपर्यंत ऑक्सिजन आणि औषधं देऊन सांभाळायचं. पुढचे काही तास महत्त्वाचे. आता मला नीट सांगा, त्या खोलीत आणखी कोण होतं?"

"मी आत जाऊन त्यांना आणलं," बारक्या म्हणाला. "श्वास रोखला होता."

"तुम्हालाही तपासते. आणखी?"

"आणखी कोणी नव्हतं," नाना म्हणाले.

आईने त्यांच्याकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून उभे होते, ताठ, जहाजावरच्या फोटोत उभे राहायचे तसे. पण ते सारखे ओठ चाचपत होते, दात काढून आलेला माणूस बधिर ओठ चाचपतो तसे. आणि रुमाल तोंडापासून हलत नव्हता.

गॅलरीला लागून स्वयंपाकघराची खिडकी होती आणि ती किलकिली होती. आईने सगळं पाहिलं-ऐकलं होतं. पाणी उकळा. विचारू कशाला. पंखा बंद. ऐकलं आणि चिमटे लावत राहिली, कारण नानांच्या बोलण्यात पडायचं नाही ही तिची जुनी सवय होती. पूर्वी ते वर्षातले थोडेच दिवस घरी असायचे. तेवढ्या दिवसांत कशाला विरोध करायचा, असं म्हणता म्हणता ते कायमचे घरी आले, आणि सवय तशीच राहिली. मुलगा घर सोडून गेला त्या दिवशीही ती कपडेच वाळत घालत होती.

"नक्की कोणी नव्हतं?" डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं. "त्रास उशिरानेही सुरू होतो, म्हणून विचारते."

"एकदा सांगितलं ना," नाना म्हणाले, आणि शेवटच्या शब्दाला त्यांचा दम तुटला.

"हे होते," आई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"हे आत होते. पाणी यांनीच उकळायला लावलं. दार यांनी लावलं, पंखा यांनी बंद केला. वाफ उठली तेव्हा हे तिथे वाकून उभे होते."

"तुला काय कळतंय?" नाना म्हणाले. "काही झालेलं नाही मला."

"दगडांतलं मला काही कळत नाही. इतकी वर्षं शेजारी झोपते आहे, तुमचा श्वास मला कळतो. हा तुमचा श्वास नाही." ती डॉक्टरीणबाईंकडे वळली. "यांचं हृदयाचं ऑपरेशन झालंय. हे सांगणार नाहीत. पडले तरी सांगणार नाहीत. तुम्ही यांना विचारू नका, मला विचारा."

डॉक्टरीणबाईंनी नानांचं बोट धरलं आणि त्यावर चिमट्यासारखं यंत्र लावलं. आकडा बघून त्यांनी मागे न वळताच हाक मारली, "खुर्ची आणा. चाकांची."

नाना बसले. कोणी धरायची वाट न बघता बसले.

ताईला एकाएकी रागाची दिशाच सापडेना. गाडीत तिने सगळा राग भावावर काढला होता. तो राग आता ज्याच्यावर काढायचा, तो माणूस चाकांच्या खुर्चीत मान खाली घालून तिच्यासमोरून आत चालला होता. आणि तिचा नवरा गाडीत धाप लागलेली असतानाही त्याच माणसाची बाजू सावरत होता.

"गाडीत मी तुला…" ती बारक्याला म्हणाली.

"बरोबर बोललीस," तो म्हणाला. "मी सांगायला हवं होतं."

"मीपण ती बादली आत जाताना पाहिली होती," ताई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून रडली.

•

संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा पहिल्यांदाच सावकाश बोलल्या. जावयांचा श्वास सुधारतो आहे, पण दोन-तीन दिवस इथेच ठेवावं लागेल. नानांच्या हृदयावर ताण आला आहे, रात्रभर लक्ष ठेवू. वेळेवर कळलं म्हणून बरं, आणखी थोडा उशीर झाला असता तर वेगळं बोलावं लागलं असतं. आईला आणि बारक्याला काही झालेलं नव्हतं.

ताई नवऱ्यापाशी जाऊन बसली. आई तिच्यासाठी पाणी आणायला गेली. नानांच्या खाटेशी बारक्या एकटाच उभा राहिला. नानांच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मनगटावर पट्टी, छातीवर तारा. खाट त्यांना आखूड होत होती.

त्यांनी मास्क थोडा खाली ओढला.

"मघाशी डॉक्टरला सांगितलंस ते… सकाळी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

यंत्राची टिकटिक चालू होती.

"नसतं," नाना म्हणाले.

बारक्याने मास्क उचलून पुन्हा त्यांच्या तोंडावर बसवला. नानांनी तो ठेवू दिला. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच पुन्हा खाली ओढला.

"जावई कसे आहेत?"

"बोलायला लागलेत. नर्सला विचारत होते, इथला पाव कुठल्या बेकरीतून येतो."

"माझं नाव नाही घेतलं त्यांनी."

"नाही."

"मी घ्यायला हवं होतं." नानांनी डोळे मिटले आणि उघडले. "मी जाऊन त्यांना तोंड कसं दाखवू?"

"उद्या दाखवा. आज झोपा."

"तू घरी जा."

"नको."

"घर बंद आहे. आतली वाफ जायची तेव्हा जाईल, पण टबांतलं पाणी गार पडत असेल. बाहेर काढलेले दगड वाळत असतील. आतला जीव मरतो ना, वाळले की?"

बारक्याने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. हे त्याने त्यांना कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे ते वाचत होते, विचारत होते, दुसऱ्या कुणाला तरी.

"मरतो," तो म्हणाला.

"आणि मासे? ते तरी जगव. जा. तुझा धंदा आहे तो."

बारक्या खिडकीपाशी गेला. खाली गाड्यांची रांग होती, दिवे लागायला सुरुवात झाली होती. टबातल्या पिवळ्या माशाचा विचार त्याच्या मनात आला. तो नानांच्या हातून खायचा, असं ताईने फोनवर सांगितलं होतं. तो परत खाटेजवळ आला.

"मरू देत मासे," तो म्हणाला.

नानांनी मास्क स्वतःच्या हाताने वर घेतला, कोपर टेकवून अंग जरा उचललं, आणि दम लागेल याची पर्वा न करता दोन्ही पाय खाटेच्या पलीकडच्या कडेला सरकवले. अलीकडे वीतभर जागा झाली. बोलता येत नव्हतं म्हणून त्यांनी तिथल्या चादरीवर हात आपटला.

बारक्या बसला.